वहीची मागची बाजू

वही पुढून उघडली की फवारणी.
तारीख, प्लॉट, औषध, दोनशे लिटरला किती,
वारा कुठून, ब्लोअरवर कोण,
आणि शेवटच्या रकान्यात माझी सही,
कारण सासऱ्यांचा हात आता थरथरतो
आणि यांना रकाने दिसले की झोप येते.

वही मागून उघडली की रुई.
कादवेकडच्या बांधावर तीन झुडपं.
पहिल्या पानावर एवढंच: अळ्या ७, पट्ट्यापट्ट्यांच्या.
का लिहिलं, माहीत नाही.
गोडी छाटणीची घाई होती,
पेस्ट लावणाऱ्या बायकांना चहा न्यायचा होता,
आणि जिवलीबाई भोये बांधावर उकिडवी बसून म्हणाली,
ही बघ, शहाणी,
आधी शिरेला चावते,
चीक गळून जाऊ देते,
मग जेवायला बसते.

ती पेठकडची. छाटणीला टोळीबरोबर येते.
तिला एरंडावरची ठाऊक, टाकळ्यावरची ठाऊक,
पानफुटीच्या पानात, दोन सालींच्या मध्ये
झोपून खाणारी ठाऊक.
लिंबावरची दाखवताना तिने काडीने डिवचलं:
चिमणीच्या शिटेसारखा ठिपका
एकदम नारंगी शिंगं काढून उभा राहिला
आणि आंबूस वास सुटला.
वासाला रकाना नव्हता.
तरी लिहिला.

मग सवयच लागली.
पुढे: पहाटे दव, पान ओलं, डाऊनीची भीती.
मागे: रुई ४. तीन कुठे गेल्या?
पुढे: पहिलं डिपिंग.
मागे: कोष, हिरवा, सोनेरी टिकल्यांचा,
ठिबकच्या नळीला लोंबतोय.
नळी कोणी हलवू नये.

बांध अर्धा आमचा, अर्धा बोरस्त्यांचा,
म्हणजे दोन्हीकडून दर वर्षी वीतभर कोरलेला.
त्यांचा ऋत्विक तणनाशकाचा पंप पाठीवर घेतो
आणि आठवड्याने एक बाजू पिवळी पडते.
भांडले नाही. एकदा फक्त विचारलं,
तुमच्या कढीपत्त्यावर अळ्या येतात का रे?
येतात ना. मारतो.
आणि दिवाळीनंतर कधीतरी
कुंपणापलीकडून ओरडला,
काकू, आज नाही मारली. शिंगं काढली तिने!

मीही काही थोर केलेलं नाही.
बांधाकडच्या ओळीला आले की
ब्लोअरचे त्या बाजूचे नोझल बंद करायला लावते.
यांनी विचारलं, शेवटच्या ओळीत भुरी जास्त का?
मी म्हटलं, सावली.

जानेवारीत पॅकहाउसचे साहेब आले, नोंदी तपासायला.
वही उलटी धरली.
बराच वेळ वाचत राहिले,
साखर किती विचारलं ते ऐकूच गेलं नाही.
हे कुठलं औषध?
औषध नाही. फुलपाखरू.
मात्रा सात?
सात अळ्या, साहेब.
त्यांनी वही सुलटी केली, शिक्का मारला.
जाताना गाडी बांधाशी थांबली.
उतरले नाहीत. नुसती काच खाली केली.

आता मध्ये चार पानं कोरी राहिली आहेत.
पुढून फवारणी येते आहे, मागून रुई.
काल एका पानावर गंधक लिहिलं, शाई पलीकडे फुटली,
आणि त्याच पानाच्या पाठीवर
'कोष रिकामा, काचेसारखा' असं लिहिताना
अक्षरांमधून उलटं गंधक दिसत राहिलं.
नळी अजून कोणी हलवलेली नाही.

एप्रिलमध्ये खरड छाटणीला जिवलीबाई येईल,
तोवर नवी वही आणायला हवी.
ओझरच्या दुकानात रकान्यांची मिळते,
कोरीही मिळते.
अजून ठरवलं नाही.